शेवटचं ड्रॉइंग कोणतं? बांधकामाच्या सॉफ्टवेअरमागचा मूळ प्रश्न

बांधकामाचं सॉफ्टवेअर म्हटलं की बहुतेकांना थ्रीडी चित्रं आठवतात. गोल फिरणारी इमारत, काचेच्या भिंती, खाली हिरवळ. ती चित्रं आर्किटेक्टच्या ऑफिसात तयार होतात आणि ग्राहकाला दाखवायला कामी येतात. साइटवरचा रोजचा झगडा वेगळाच असतो. तिथे माणसाला एवढंच कळायला हवं असतं की हातात आहे ते ड्रॉइंग शेवटचं आहे की मधे काही बदललंय. या क्षेत्रात गेल्या दोन दशकांत मोठ्या झालेल्या कंपन्यांमध्ये मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती सॅन फ्रान्सिस्कोची प्लॅनग्रिड. तिने याच प्रश्नाला हात घातला, आणि उत्तर साहेबाच्या टेबलावर न ठेवता थेट फोरमनच्या हातात दिलं.

आधी प्रश्न किती अवघड आहे ते बघू. मोठ्या हॉस्पिटलचा नकाशा म्हणजे हजारेक शीट्सचा गठ्ठा. आर्किटेक्टच्या शीट्स वेगळ्या, आरसीसीच्या वेगळ्या, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, एसीचे डक्ट, फायर यांच्या आणखी वेगळ्या. अमेरिकेत प्रत्येक शीटला अक्षर आणि आकडा असतो. 'ए' म्हणजे आर्किटेक्चर, 'एस' म्हणजे स्ट्रक्चर, 'पी' म्हणजे प्लंबिंग. या शीट्स एकमेकींचा हवाला देत असतात. ए-१०१ वर एका कोपऱ्यात छोटं वर्तुळ असतं, वर ५ आणि खाली ए-५०१ लिहिलेलं. अर्थ असा की या जागेचा बारीक तपशील ए-५०१ या शीटवर पाचव्या क्रमांकाला बघा. आणि हे सगळं काम चालू असताना बदलत राहतं. मालक खोली मोठी मागतो, यंत्र पुरवणारा वेगळ्या मापाचं यंत्र पाठवतो, पाया खणताना जमीन अपेक्षेपेक्षा वेगळी लागते. दर बदलाला नवी रिव्हिजन निघते.

आता समजा, चौथ्या मजल्याचा स्लॅब उद्या सकाळी भरायचा आहे. सेंटरिंग झालंय, सळई बांधून झालीय, प्लंबर टॉयलेटच्या पाइपसाठी स्लीव्ह, म्हणजे स्लॅबमध्ये भोक राखणारी नळी, बसवतोय. त्याच्या हातातली शीट तीन आठवड्यांपूर्वीची आहे. मधल्या काळात आर्किटेक्टने ती भिंत ३०० मिलिमीटर सरकवली. नवी शीट ईमेलने आली, कुणीतरी प्रिंट काढली, आणि ती आता खाली साइट ऑफिसमध्ये गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवलेली आहे. प्लंबर मात्र चौथ्या मजल्यावर आहे. स्लीव्ह जुन्या जागी बसते आणि सकाळी काँक्रीट पडतं. चूक कळते ती भिंतीचं काम सुरू झाल्यावर, कारण पाइप भिंतीत न येता खोलीतच उभा राहतोय. मग कोअर कटिंगवाल्याला बोलवायचं. नव्या जागी भोक पाडताना सळई कापली तर चालेल का, हे आरसीसी कन्सल्टंटला विचारायचं. जुनं भोक बुजवायचं आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचं. त्यानंतर खर्च कुणी सोसायचा यावरून भांडण सुरू. प्लंबर म्हणतो, मला दिलेल्या शीटप्रमाणे मी काम केलं. आर्किटेक्ट म्हणतो, मी वेळेत पाठवली होती. दोघंही खरं बोलत असतात.

या प्रकारच्या नुकसानीला साइटवर 'रीवर्क' म्हणतात. बांधकामात पैसा सिमेंटच्या भावाने जातो तितकाच अशा तोडफोडीनेही जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. फरक एवढाच की सिमेंटचं बिल दिसतं. तोडफोड मजुरीत, उशिरात आणि वादात विरून जाते.

प्लॅनग्रिड काढणाऱ्यांपैकी ट्रेसी यंग ही हॉस्पिटलच्या बांधकामांवर काम केलेली इंजिनिअर. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या सॅक्रामेंटो केंद्रातून तिने बांधकाम व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेलं. रायन सटन-गी हाही बांधकामातलाच. राल्फ गूटी पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत काम करून आलेला. केनी स्टोन आणि आंत्वान हर्सन हे आणखी दोघे. या पाच जणांनी २०११ मध्ये प्लॅनग्रिड सुरू केली आणि २०१२ च्या सुरुवातीला ती वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना भांडवल आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेच्या तुकडीत दाखल झाली. त्याआधी एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा पहिला आयपॅड बाजारात आला होता. लॅपटॉप घेऊन शिडी चढता येत नाही आणि तेव्हाच्या फोनच्या पडद्यावर शीट वाचता येत नव्हती. आयपॅड मात्र काखेत मारून वर नेता येत होता.

छपाईचा हिशेबही यंगच्या डोक्यात होता. हजार शीट्स, त्यांच्या पाच रिव्हिजन आणि वेगवेगळ्या ठेकेदारांसाठी दहा संच धरले तर ५०,००० मोठे कागद होतात. ते छापायचे, वाटायचे, आणि जुने परत गोळा करायचे. शेवटचं काम कुठल्याच साइटवर नीट होत नाही.

मग पीडीएफ आयपॅडवर टाकली की झालं, असं वाटेल. तसं होत नव्हतं, आणि का होत नव्हतं ते समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत नेहमीच्या मोठ्या शीटचा आकार ३६ इंच बाय २४ इंच असतो. बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणून इंचाला ३०० ठिपके धरले तर ती शीट १०,८०० बाय ७,२०० ठिपक्यांची होते. म्हणजे ७ कोटी ७७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी चार बाइट लागतात, तेव्हा एकच शीट उघडायला सुमारे ३११ एमबी मेमरी हवी. पहिल्या आयपॅडची सगळी मेमरी होती २५६ एमबी. साध्या पद्धतीने शीट उघडायला गेलं तर ॲप बंदच पडणार.

यावरचा मार्ग नकाशाच्या ॲपमध्ये आपण रोज वापरतो. अख्खं महाराष्ट्राचं चित्र फोनमध्ये उतरत नाही. आपण ज्या चौकात बोट ठेवलंय तेवढेच छोटे चौकोनी तुकडे येतात. ड्रॉइंगचंही तसंच करता येतं. शीटचे आधीच सर्व्हरवर २५६ बाय २५६ ठिपक्यांचे तुकडे करायचे. लांबून बघण्यासाठी एक ढोबळ संच, जवळून बघण्यासाठी बारीक संच, असे दोन-चार थर बनवायचे. आयपॅडचा पडदा १,०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा होता, म्हणजे एका वेळी बारा तुकड्यांत तो भरतो. मेमरी लागते अवघी ३ एमबी. बोटाने चित्र सरकवलं की पुढचे तुकडे येतात आणि मागचे सोडून दिले जातात. मोठी चित्रं पडद्यावर झटपट कशी उमटवायची, हे कळणारा माणूस, पिक्सारमधून आलेला गूटी, त्यांच्या घरातच होता. बांधकाम कळणारी आणि ग्राफिक्स कळणारी माणसं एकाच टेबलाला बसली, हे या कंपनीचं मोठं भांडवल होतं.

दुसरी अडचण नेटची. तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात, नुकत्याच भरलेल्या स्लॅबखाली रेंज नसते. त्यामुळे शीट्स आधीच उतरवून ठेवायच्या, फोरमनने तिथे जे लिहिलं ते यंत्रातच साठवायचं, आणि तो वर आला की सर्व्हरशी मेळ घालायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन माणसांनी रेंज नसताना एकाच शीटवर खुणा केल्या तर काय करायचं हे ठरवावं लागतं. दोन्ही खुणा ठेवायच्या, कुणी कधी केली ते नाव-वेळेसह दाखवायचं, आणि कुणाचंही लिखाण गुपचूप पुसायचं नाही, हाच त्यातला शहाणपणाचा नियम. माझ्या मते साइटच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथे होते. ऑफिसच्या वायफायवर कुठलंही ॲप छान चालतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. हजार शीट्स चढवल्यावर प्रत्येकीला नाव कोण देणार? प्लॅनग्रिडचं सॉफ्टवेअर शीटच्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक, म्हणजे नाव-नंबराची चौकट, वाचून शीटचा नंबर स्वतः ओळखायचं. नव्या गठ्ठ्यात पुन्हा ए-१०१ आली की तिला जुन्या ए-१०१ च्या जागी ठेवायचं आणि जुनी इतिहासात ढकलायचं. वर सांगितलेली ती छोटी वर्तुळंही ओळखून त्यांना दुवे जोडले जायचे. वर्तुळावर बोट ठेवलं की ए-५०१ उघडते. आमचा प्लंबर चौथ्या मजल्यावर शीट उघडतो तेव्हा त्याला नवी रिव्हिजनच दिसते. जुनी हवी असेल तर मुद्दाम शोधावी लागते. चुकीचं ड्रॉइंग मिळायला कष्ट पडावेत आणि बरोबर ड्रॉइंग आपोआप हाती यावं, एवढाच उलटापालट त्यांनी केला.

ड्रॉइंगनंतर येतात प्रश्न. साइटवर दोन शीट्स एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा ठेकेदार कन्सल्टंटला लेखी खुलासा मागतो. अमेरिकेत त्याला आरएफआय म्हणतात. ठेकेदाराने स्वतः तयार केलेली तपशीलवार ड्रॉइंग मंजुरीसाठी पाठवली की त्याला सबमिटल. हे कारकुनी काम वाटतं, पण ते तसं का नाही हे १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत दिसलं.

तिथल्या हयात रिजन्सी हॉटेलच्या उंच लॉबीत दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे पादचारी पूल एकाखाली एक, छतापासून लोखंडी गजांनी टांगलेले होते. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत एकच सलग गज होता. तसा गज बनवायचा तर त्यावर लांबलचक आटे पाडावे लागले असते, म्हणून स्टीलच्या ठेकेदाराच्या ड्रॉइंगमध्ये एकाचे दोन गज झाले. एक छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत, दुसरा त्या पुलाच्या बीमपासून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत. दिसायला किरकोळ बदल. पण आता खालचा पूल छताला न लटकता वरच्या पुलाला लटकला होता. चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटवर दोन्ही पुलांचं वजन, म्हणजे दुप्पट भार आला. ड्रॉइंगवर तपासल्याचा शिक्का पडला, पण त्या जोडाचं गणित नव्याने कुणी केलं नाही. चौकशीत असंही निघालं की मूळचा जोडसुद्धा शहराच्या नियमांइतका मजबूत नव्हता. त्या संध्याकाळी दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली.

हे उदाहरण मी सॉफ्टवेअरच्या जाहिरातीसाठी देत नाहीये. शिक्का कागदावर मारला काय आणि पडद्यावर बटण दाबून मारला काय, विचार न करता मारला तर तेच होईल. सॉफ्टवेअर जे करू शकतं ते असं: कोणता तपशील कधी बदलला, तो कुणी मागितला, कुणासमोर गेला आणि किती दिवस उत्तराविना पडून राहिला हे झाकलं जात नाही. जुनी आणि नवी शीट एकावर एक ठेवून फरक वेगळ्या रंगात दाखवता येतो, म्हणजे 'किरकोळ बदल' निदान नजरेला तरी पडतो. त्यापुढे गणित माणसानेच करायचं.

शेवटच्या टप्प्यावर उरलीसुरली कामं असतात. टाइल फुटलीय, दार घासतंय, स्विच उलटा बसलाय. आपल्याकडे त्या यादीला स्नॅग लिस्ट म्हणतात, अमेरिकेत पंच लिस्ट. ॲपमध्ये ती थेट ड्रॉइंगवर टाचता येते. त्या जागी खूण, फोटो, ठेकेदाराचं नाव.

आता पैशाकडे वळू, कारण इथे बऱ्याच स्टार्टअप फसतात. ठेकेदारीत नफ्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे दरमहा नवा खर्च कुणालाच नको असतो. शिवाय प्रत्येक प्रकल्पावर जमणारा गोतावळा नवा असतो. एका साइटवर मुख्य ठेकेदाराबरोबर डझनावारी छोटे ठेकेदार येतात आणि काम संपलं की पांगतात. सगळ्यांना ॲप शिकवलं आणि पुढच्या साइटवर सगळे नवे. प्लॅनग्रिडने माणशी दर लावला, आणि तो किती शीट्स वापरणार यावर ठरवला. थोड्या शीट्स असतील तर फुकट. त्यामुळे एखादा सुपरवायझर कुणाची परवानगी न घेता स्वतःच्या कामापुरतं वापरून बघू शकत होता. तो पुढच्या साइटवर गेला की ॲप त्याच्याबरोबर गेलं.

याच धंद्यातल्या प्रोकोर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने उलटा रस्ता धरला. टूई कोर्टमांश यांनी ती २००२ मध्ये काढली. आपलं घर सांता बार्बरात बांधून घेत असताना लांबून कामावर लक्ष ठेवणं किती जिकिरीचं आहे ते त्यांना उमगलं होतं. प्रोकोर वर्षाला किती रकमेचं बांधकाम तिच्या सॉफ्टवेअरवर चालतं त्यावर पैसे घेते आणि माणसं कितीही जोडू देते. छोट्या ठेकेदाराला वेगळे पैसे पडत नाहीत, म्हणून तो कुरकुरत नाही. मुख्य ठेकेदाराचं बिल मात्र त्याच्या धंद्याबरोबर वाढत जातं. मे २०२१ मध्ये प्रोकोर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली तेव्हा शेअर ६७ डॉलरला दिला गेला. स्थापनेनंतर जवळपास एकोणीस वर्षांनी. या धंद्यात घाई चालत नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

प्लॅनग्रिडला तितकं थांबावं लागलं नाही. २०१८ च्या आसपास जुन्या बड्या कंपन्यांनी या क्षेत्रात खरेदीचा सपाटा लावला. ओरॅकलने ऑस्ट्रेलियाची ॲकोनेक्स सुमारे १२० कोटी डॉलरला घेतली. ट्रिंबलने ई-बिल्डर ५० कोटींना आणि व्ह्यूपॉइंट १२० कोटींना घेतली. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑटोडेस्कने प्लॅनग्रिड ८७.५ कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. ऑटोकॅड १९८२ पासून ऑटोडेस्कचं. ड्रॉइंग ज्यावर बनतात ते सॉफ्टवेअर तिचंच होतं, पण ड्रॉइंग ऑफिसबाहेर पडलं की पुढे तिचा संबंध तुटत होता. प्लॅनग्रिड तिथून पुढे सुरू होत होती. २०२१ मध्ये प्लॅनग्रिडची कामं ऑटोडेस्क बिल्ड या नव्या उत्पादनात आली आणि जुन्या ग्राहकांना हळूहळू तिकडे वळावं लागलं.

या क्षेत्राबद्दल दोन आकडे नेहमी पुढे केले जातात. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१७ च्या अहवालानुसार बांधकामातली उत्पादकता दोन दशकं वर्षाला जेमतेम १ टक्क्याने वाढली, तर एकूण अर्थव्यवस्थेची २.८ टक्क्यांनी. दुसरा आकडा प्लॅनग्रिडने एफएमआय या सल्लागार संस्थेबरोबर २०१८ मध्ये दिला. अमेरिकेतल्या रीवर्कपैकी ४८ टक्के काम चुकीची माहिती आणि अपुरा संवाद यांमुळे करावं लागतं, असा. पहिला आकडा दुखणं दाखवतो, पण औषध सॉफ्टवेअरच आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. दुसरा विकणाऱ्याच्याच दुकानातून आलेला आहे, तेव्हा तो जपून वापरावा.

आपल्या साइट्सवर काय चाललंय? जीएफसी ('गुड फॉर कन्स्ट्रक्शन', म्हणजे यावरून बांधायला हरकत नाही) शिक्क्याचे कागद आहेतच, पण खरा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. ड्रॉइंग आलं की ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत वर चारशे मेसेज साठतात, मग कुणीतरी 'ते बीमचं परत पाठवा' म्हणतो आणि दुसरा माणूस आपल्या गॅलरीत सापडलेलं पाठवतो. ते जुनं असू शकतं. व्हॉट्सॲपवर माहिती जलद पोचते हे खरं, पण कोणती शीट रद्द झाली हे त्याला सांगता येत नाही. कागदावरची जुनी अडचण फोनमध्ये तशीच शिरली आहे.

नोंदीची शिस्त मात्र आपल्याला परकी नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातली एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका घ्या. पानांना क्रमांक घातलेले, माप जागेवर घेऊन तिथेच लिहायचं, खाडाखोड झाली तर सही करायची, आणि त्यावरच आरए बिल, म्हणजे चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल, निघायचं. चांगल्या सॉफ्टवेअरने हेच सांभाळायचं असतं. हजेरीचं मस्टर, आलेल्या सळईचं चलन, दिवसाचा अहवाल हे सगळं ॲपमध्ये भरायला लावताना बघायचं ते हे की भरणाऱ्याला त्यातून काय मिळतं. मुकादमाने रोज संध्याकाळी अर्धा तास इंग्रजी रकाने भरायचे आणि फायदा फक्त हेड ऑफिसच्या तक्त्याला, असं असेल तर आठवड्याभरात अंदाजाने आकडे भरले जातात. त्याचं मोजमाप लवकर मंजूर होऊन बिल लवकर निघणार असेल, तर तो फोटोसकट भरतो.

घर घेणाऱ्यांचाही यात संबंध आहे. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर इमारतीची कागदपत्रं आणि नकाशे सोसायटीकडे सोपवायचे असतात. मंजूर नकाशा एक आणि प्रत्यक्ष पाइप गेलेत दुसरीकडून, असं असेल तर गळती शोधताना अर्धी भिंत फोडावी लागते. प्रत्यक्षात जसं बांधलं तसं दाखवणारी ॲज-बिल्ट ड्रॉइंग, आणि प्लास्टर होण्याआधी घेतलेले पाइपलाइनचे फोटो, हे काम चालू असतानाच जमवावे लागतात. नंतर ते कितीही पैसे देऊन मिळत नाहीत. सोसायटीने ताबा घेताना हा संच नावाने मागावा.

आणि ठेकेदार किंवा बिल्डर म्हणून तुम्ही असं सॉफ्टवेअर घेणार असाल, तर विक्रेत्याच्या ऑफिसात डेमो बघू नका. त्याला आपल्या साइटच्या तळघरात न्या, फोनचं नेट बंद करा आणि एखादी शीट उघडून त्यावर खूण करायला सांगा. तुमच्या सुपरवायझरच्या हातात फोन द्या, स्वतः बोलू नका. करारात लिहून घ्या की सोडून जाताना सगळी ड्रॉइंग, त्यांच्या सर्व रिव्हिजन, फोटो आणि प्रश्नोत्तरं तारखांसह साध्या पीडीएफ आणि एक्सेलमध्ये परत मिळतील, आणि कंपनी उद्या दुसऱ्या कुणी विकत घेतली तरी हे कलम त्या नव्या मालकालाही लागू राहील.